सरावासाठी आलेले दार

४ फेब्रुवारी १९९५

फायर स्टेशनची ऑर्डर आज पक्की झाली. असे दार करायचे आहे जे रोज मोडता येईल आणि रोज पुन्हा उभे करता येईल.

स्टेशन ऑफिसर सुब्रमण्यम स्वतः वर्कशॉपमध्ये आले होते. त्यांचे म्हणणे असे की तंजावुरात घरोघर टीव्ही आले, फ्रिज आले, त्यांच्यामागून खिडक्यांना ग्रिल आली, पडवीला सरकती गेट आली, एकेका दाराला तीन कुलपे आली. आग लागली की माणसे आत आणि फायरमन बाहेर.

"माझे लोक दार तोडायला शिकतात ते कुणाच्या तरी जळत्या घरावर," ते म्हणाले. "ते मला थांबवायचंय."

आमचे मालक श्रीनिवासराव यांनी माझ्याकडे बोट केले. "ही विनुता. मेकॅनिकलचा डिप्लोमा. ड्रॉइंग हीच करेल." सुब्रमण्यम यांनी मान हलवली आणि सरळ मापांवर आले. मुलगी आहे म्हणून पुन्हा एकदा निरखून पाहिले नाही. बरे वाटले.

चौकट लोखंडी अँगलची, काँक्रीटमध्ये रोवलेली. दार लाकडी. कडी दारावर थेट बसवायची नाही. दाराला आणि चौकटीला बदलता येणाऱ्या लाकडी पट्ट्या लावायच्या आणि कडी त्यांच्यावर. पहार घालून दार उघडले की पट्ट्या फाटतील, दार शाबूत राहील. पट्ट्या नव्या घालायच्या.

ही वही देवनागरीत लिहिते. घरात ती लिपी फक्त अप्पांना येते आणि अप्पा हल्ली काही वाचत नाहीत. अम्मा मराठी बोलते, वाचते तमिळ.

नोंद म्हणून लिहून ठेवते. अक्का जाऊन चार महिने झाले. भवानी, वय अठ्ठावीस. पापनाशमजवळ सासरी, स्वयंपाकघरात, रॉकेलचा स्टोव्ह. दाराला आतून कडी होती, आम्हाला दार मोडून आत जावे लागले, असे सासरच्यांनी सांगितले. बंब पोचला तेव्हा दार मोडलेले होते. चौकशी झाली आणि अपघात म्हणून संपली. पण आतून कडी लावून कोणी स्वयंपाक करत नाही, त्यामुळे नात्यात कोणी त्याला अपघात म्हणत नाही. तिने स्वतःच केले, असे म्हणतात. आमच्यासमोर म्हणत नाहीत.

अम्मा रोज एकदा तरी विचारते, "तिनं कडी कां लावली गे?"



११ फेब्रुवारी

स्टेशनच्या मागच्या आवारात दार उभे केले. मी पोचले तेव्हा चौकटीला हळद-कुंकू लागले होते, वर आंब्याची पाने बांधली होती. सतीशकुमार हा तिथला सीनियर फायरमन. हे काम त्याचे.

"चौकट बसवताना पूजा नको, मॅडम?"

"हे घर नाही."

"दार तर आहे ना!"

याचा परिणाम सराव सुरू झाल्यावर कळला. पहारीवर जोर टाकताना एक पाय उंबऱ्याला रोवावा लागतो. पण उंबऱ्यावर पाय द्यायला एकही जण तयार नाही. पहार अडकवायची, दार सुटले की उंबऱ्यावरून टुणकन उडी मारायची, आणि तोल जाऊन आत पडायचे. तिघे पडले. सुब्रमण्यम ओरडले, "अरे, आत माणूस जळतोय आणि तू उंबरा चुकवतोस?"

"सार, उंबऱ्यावर लक्ष्मी असते," सतीशकुमार म्हणाला.

"मग तीही जळतेय. तिलाही काढ बाहेर!"

सगळे हसले. मी हसले नाही, पण विनोद चांगला होता हे लक्षात आले. पुढच्या चौकटीला कुंकू लावू नये असे सांगितले.

१९ फेब्रुवारी

अक्काच्या सासूबाई वेंकूबाई मामी आणि अक्काचे यजमान शेषगिरी भावोजी आले होते. बरोबर रम्या, अक्काची मुलगी. तीन वर्षांची आहे. पूर्वी सारखी बोलायची. आता विचारलेले समजते तिला, पण उत्तर मानेने देते.

कॉफी झाल्यावर मामींनी विषय काढला. "पोरीला आई हवी. बाहेरची आणली तर ती बाहेरचीच. विनुता घरची. तिचंच रक्त."

"तिला विचारावं लागेल," अप्पा म्हणाले.

"विचारा की. शिकलेली आहे, तोंड आहे तिला." मग माझ्याकडे वळून, "काय गे, जन्मभर वेल्डिंग करत बसणार आहेस?"

"वेल्डिंग दुसरे करतात. मी ड्रॉइंग करते."

"तेच ते."

भावोजी नव्या मारुतीची किल्ली बोटाभोवती फिरवत होते. मामींनी अम्माला हळूच सांगितले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे: कुंभकोणमचे एक स्थळ हातात आहे. "तिकडची आली की राजम, तुमच्याकडे पोरीचं येणं-जाणं कमीच होणार. मी काय करणार सांग."

अम्माने माझ्याकडे पाहिले. माझ्या मनात विरोध आहे का, हे मी तपासून पाहिले. काही सापडले नाही. होकारही सापडला नाही.

"माझी हरकत नाही," मी म्हणाले.

निश्चय, म्हणजे साखरपुडा, एप्रिलमध्ये, लग्न वैशाखात.

२६ फेब्रुवारी

आज सुब्रमण्यम यांच्या सांगण्यावरून मी कडी न लावता दार नुसते ओढून ठेवले. सतीशकुमारने घण उचलला आणि मधल्या फळीवर तीन घाव घातले. फळी चिरली. चौथ्या घावाला दार हलके आत गेले आणि भिंतीवर आपटले.

"उघडंच होतं," सुब्रमण्यम म्हणाले.

"कुणी सांगितलं नाही, सार!"

"दारानं सांगितलं असतं. ढकलून बघितलंस? आधी ढकलायचं. मग तोडायचं."

दिवसभर बाकीचे त्याला "वीरा, जरा ढकलून बघ" म्हणत होते, अगदी पाण्याच्या माठाचे झाकण काढतानाही.

मी मोडलेले तुकडे ठेवून घेतले, दोन दारांचे वेगवेगळे. कडी लावलेल्या दारात चौकटीकडची पट्टी फाटते, स्क्रू लाकडाचे तंतू घेऊन उपटून येतात, फळी मात्र बहुतेक शाबूत राहते. उघड्या दारात उलट होते. फळी फुटते आणि कडीपाशी काहीच होत नाही, एकही स्क्रू हलत नाही. कारण तिथे कोणी अडवणारे नसते. हे ड्रॉइंगमागे टिपून ठेवले. शिकवायला उपयोगी आहे.

८ मार्च

शेषगिरी भावोजी वर्कशॉपमध्ये आले. श्रीनिवासरावांनी खुर्ची दिली, कॉफी मागवली. जावई आले म्हणून सगळ्यांनी मशिनी थांबवल्या. मला ते आवडले नाही, म्हणजे मशिनी थांबणे.

भावोजींना स्वयंपाकघराचे नवे दार हवे आहे. लोखंडी, वर जाळी. "तूच कर. तुलाच वापरायचंय," ते म्हणाले. हा विनोद असावा. मी मापे विचारली. त्यांनी कागदावर लिहून आणली होती.

"आणि एक," ते म्हणाले. "तुझ्या त्या फायरवाल्यांना जुनी दारं लागतात ना, तोडायला? जुनं दार मागे गोठ्यात पडलंय. कुणी विकत घेणार नाही, असलं दार. आमची अम्मा म्हणते, चांगलं सागवान आहे, चुलीत कसं घालायचं. तुमच्याकडे पाठवतो. चौकटीसकट घ्या."

"पाठवा," मी म्हणाले.

"पुरतं तोडून टाका हां. परत नको यायला."

सुब्रमण्यम यांना फोन करून कळवले. लाकडी चौकटीचे खरे दार मिळतेय म्हणून त्यांना आनंद झाला. कुठले आहे ते मी सांगितले नाही.

१२ मार्च

दार आले. गाडीवाल्याने स्टेशनच्या आवारात भिंतीला टेकवून ठेवले.

सागवान, तीन आडव्या फळ्या. दार आत, स्वयंपाकघराकडे उघडणारे. आतली बाजू पूर्ण काळी, तेलकट काजळी. मधली फळी फुटलेली. आतून पितळी सरकती कडी: एक दांडा, त्याच्यावर त्याला धरणारे दोन पट्टे. दांडा बाहेर आलेला, म्हणजे बंद स्थितीत, आणि टोकाशी वाकलेला. कडीचे सगळे स्क्रू जागेवर. चौकटीत दांडा जातो ते भोक अखंड, कडेचे लाकूड उसवलेले नाही. बाहेरच्या बाजूला पूर्वी साखळी असायची, रात्री मांजर शिरू नये म्हणून. मी पाहिली आहे. ती काढलेली आहे. स्क्रूंच्या भोकांच्या आतले लाकूड ताजे, पिवळे.

दांड्यावर पट्ट्यांच्या शेजारी दोन स्वच्छ पितळी वलये दिसतात. बाकी दांडा काळा.

सतीशकुमार पहार घेऊन आला. "हे आधी घेऊ या का, मॅडम? खरं दार!"

"आज नको."

"कां?"

"मापं घ्यायची आहेत."

मापे घेतली. घरी येऊन जेवले. जेवण नेहमीसारखे होते.

१५ मार्च

काही नाही. अम्माने लग्नासाठी दोन साड्या दाखवल्या. मी डावीकडची म्हणाले.

१८ मार्च

आज धुरातला सराव ठरलेलाच होता. आवारातल्या पत्र्याच्या खोलीत पिंपात रॉकेलच्या चिंध्या पेटवतात आणि फायरमन डोळ्यांना पट्टी बांधून रांगत जातात. मी त्या खोलीत दोन फळ्या उभ्या केल्या. दोन्हींवर एकसारखी सरकती कडी, बाजारातून आणलेली. एकीचा दांडा बंद स्थितीत, दुसरीचा उघड्या.

"हे कशासाठी?" सुब्रमण्यम यांनी विचारले.

"माहितीसाठी."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि मग भिंतीला टेकवलेल्या दाराकडे. 

धूर निघून गेल्यावर फळ्या बाहेर आणल्या. जिथे पट्टा दांड्याला झाकतो तिथे काजळी पोचत नाही, तेवढे पितळ स्वच्छ राहते. दांडा नंतर सरकवला की ते स्वच्छ वलय पट्ट्याखालून बाहेर येते. म्हणजे काजळी बसताना दांडा कुठे होता, ते दांड्यावरच राहते.

याच्या पुढचे आज लिहीत नाही.

१९ मार्च

पापनाशमच्या दाराची कडी उतरवली. सुब्रमण्यम समोर उभे होते. मी त्यांना सांगितले, तुम्ही बघा.

वाकलेले टोक पट्ट्यातून मागे सरकत नाही, म्हणून कॅलिपरने मोजले. दांडा पूर्ण मागे घेतला तर दोन्ही स्वच्छ वलये दोन्ही पट्ट्यांखाली बरोबर बसतात. फरक काही नाही. आणि वाकलेल्या जागी घणाचा ठसा आहे, तो काजळीवर आहे. काजळीखाली नाही.

काजळी बसली तेव्हा कडी उघडी होती. दार मोडले तेव्हाही कडी उघडी होती. ती नंतर सरकवली आणि मग वाकवली.

"हे कुणाचं घर?" सुब्रमण्यम यांनी विचारले.

"माझ्या बहिणीचं."

ते खाली बसले, पायरीवर. मग उठून सतीशकुमारला हाक मारली आणि दार स्टोअरमध्ये ठेवून कुलूप लावायला सांगितले. कोणी हात लावायचा नाही.  दार नेताना त्याने ते जमिनीवरून ओढले नाही, दोघांनी मिळून उचलून नेले.

मला रडू येईल असे वाटले होते. आले नाही. बस पकडून घरी आले.

२३ मार्च

अप्पांना सांगितले. ते गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हल्ली ते काम ते करतात.

"कडी उघडी होती, अप्पा."

ते ओला टॉवेल हातात धरून उभे राहिले. मी दांडा, पट्टे, काजळी, साखळीची भोके, सगळे क्रमाने सांगितले.  ते शिक्षक होते. मध्ये न बोलता ऐकायची सवय आहे.

शेवटी म्हणाले, "रम्या त्यांच्या घरांत आहे."

"होय."

"हे त्यांच्या कानावर गेलं, तर पोर परत दिसेल आपल्याला?"

"नाही."

"मग काय करायचं, विनुता? गप्प बसायचं?"

"निश्चयापर्यंत. त्या दिवशी ते तिला घेऊन इथे येतील. मामींनी तसं सांगितलंय, पोरीच्या हातून फुलं द्यायची म्हणून. तक्रार त्याच दिवशी सकाळी द्यायची."

अप्पांनी टॉवेल झटकला आणि दोरीवर घातला. कडा नीट जुळवल्या. "आणि तू नुसतं हो म्हणून बसणार तोवर?"

"तसंही बसलेच होते."

त्यांनी तोंड फिरवले. अम्माला आधी सांगायचे नाही असे ठरले. तिच्या चेहऱ्यावर काही राहत नाही, सगळे दिसते.

२ एप्रिल

सकाळी अप्पा, सुब्रमण्यम आणि श्रीनिवासराव पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार देऊन आले. दार आणि कडी फायर स्टेशनमध्ये कुलपात आहेत हे सुब्रमण्यम यांनी लेखी दिले. ते पाहुणे म्हणून आमच्या ओसरीवर येऊन बसले. वेंकूबाई मामींनी विचारले, हे कोण? अप्पा म्हणाले, विनुताच्या कामाचे.

ताटे मांडली. फुले, पाने, फळे, जांभळी साडी. मी डावीकडची साडी नेसले होते. रम्या मामींच्या शेजारी, हातात मोगऱ्याचा गजरा, तो तिने कधीच अर्धा कुस्करला होता. भटजींनी पत्रिका वाचायला घेतली.

"जरा थांबा," मी म्हणाले. "भावोजी, कडी कुणी सरकवली?"

"कसली कडी?"

"स्वयंपाकघराच्या दाराची. तुम्ही पाठवलेल्या. आग लागली तेव्हा ती उघडी होती. दार मोडलं तेव्हाही उघडी होती. नंतर कुणीतरी ती बंद केली आणि घणाने वाकवली. बाहेरची साखळी काढली."

मला वाटले होते ते माझ्यावर ओरडतील. त्यासाठी मी वाक्ये तयार ठेवली होती. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. ते आईकडे वळले.

"मी म्हणत होतो जाळून टाकू. तूच म्हणालीस, सागवान आहे."

"गप्प बस," मामी म्हणाल्या.

"तूच म्हणालीस!"

"गप्प बस म्हणते ना, शेषगिरी!"

भटजींनी पत्रिका मिटली. सुब्रमण्यम ओसरीवरून उठून दारात येऊन उभे राहिले. अम्मा खांबाजवळ बसली होती. तिला कोणी काहीच सांगितलेले नव्हते. ती उठली, ताटांमधून, फुलांवर पाय पडला तरी न थांबता, मामींपर्यंत गेली. रम्याला काखेखाली धरून उचलले आणि आतल्या खोलीत निघून गेली.

"माझी नात आहे ती!" मामी ओरडल्या.

"आमचीही," अप्पा म्हणाले. एवढेच. आणि त्या खोलीच्या दारापुढे खुर्ची ठेवून बसले.

पोलीस जेवणाच्या वेळेनंतर आले. पानांवर वाढलेले तसेच होते.

३ एप्रिल

पोलीस पापनाशमला गेले आहेत. पुढे काय होईल ते माहीत नाही. श्रीनिवासरावांनी सांगितले, हवी तेवढी रजा घे. मी म्हणाले, उद्या येते, दुसऱ्या चौकटीचे ड्रॉइंग अर्धे आहे.

 दुपारी रम्या अम्माच्या मांडीवर झोपली. मी शेजारी बसून भाजी निवडत होते. बाहेर टाऊन बस थांबली, निघून गेली. अम्मा म्हणाली,

"कडी लावली नव्हती तिनं."

"नाही."

"म्हणजे बाहेरून लावली होती."

"होय, अम्मा."

 मला वाटले तिला आता बरे वाटेल. सहा महिने ती जे विचारत होती त्याचे उत्तर तिला मिळाले होते, आणि ते मी शोधले होते.

मग ती म्हणाली, "मग ती दार ठोकत असेल ना गे?"

मी हातातली शेंग खाली ठेवली. दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या फळीवर खुणा आहेत. काजळीत आहेत. मी पहिल्या दिवशीच पाहिल्या. कडी मोजली, दांडा मोजला, भोके मोजली. त्या मी मोजल्या नाहीत आणि इथे लिहिल्याही नाहीत.

"होय," मी म्हणाले.

अम्माने मान हलवली. रम्याची झोपेतली मूठ तिने आपल्या हातात घेतली, उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.